टायमिंगच्या दिव्याआधी शून्याची खूण

साताऱ्याहून कासला जाताना लागणाऱ्या यवतेश्वर घाटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटर निम्म्याहून अधिक दाबलेला असताना, पत्र्याच्या डब्यात मूठभर हरभरे घालून हलवावेत तसा आवाज आमच्या ॲम्बेसेडरच्या इंजिनातून येत असे. पाय थोडा उचलला की आवाज थांबे, पुन्हा दाबला की सुरू होई. जुन्या पेट्रोल गाड्या चालवलेल्यांना हा आवाज वेगळा सांगावा लागत नाही. सिलिंडरमधले मिश्रण ठिणगीच्या ज्वाळेने क्रमाने जळत जाण्याऐवजी त्याचा उरलेला भाग दाबाने आणि उष्णतेने एकदम पेट घेतो, आणि त्याचा धक्का पिस्टनच्या माथ्यावर बसतो. या नॉकिंगकडे फार दिवस दुर्लक्ष केले तर पिस्टनच्या कडा आणि हेड गॅस्केट यांच्यावर ते निघते.

ही गाडी वडिलांची आहे. १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, पॉइंट आणि कंडेन्सर असलेला जुन्या पद्धतीचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगीची वीज वेळेवर एकेका प्लगला वाटणारा भाग. त्यातले पॉइंट उघडले की ठिणगी पडते. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. आमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची आहे. वडिलांनी गाडीची एक वही ठेवली होती आणि तिच्या दुसऱ्या पानावर त्यांच्या अक्षरात ‘टायमिंग : टॉपच्या आधी ६ अंश, हळू आयडलिंगला’ अशी नोंद आहे. टायमिंग म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ आणि टॉप म्हणजे पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा. ठिणगी टॉपच्या किती आधी पडते ते क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, अंशांत मोजतात. ठिणगी जितकी आधी, तितके टायमिंग पुढे. ती नोंद प्रमाण मानून मी दर पावसाळ्यानंतर टायमिंगचा दिवा, म्हणजे पहिल्या प्लगच्या ठिणगीसरशी लखलखणारा दिवा, लावून क्रँकच्या पुलीवरची खूण तिच्यासमोरच्या स्थिर पॉइंटरशी ताडून पाहत असे आणि बरोबर ६ अंश करून ठेवत असे. दिवा ६ दाखवत असे आणि घाटात इंजिन खटखटत असे.

आमचे मिस्त्रीकाका ही गाडी तीस वर्षे पाहत आले आहेत. ते दिवा वापरत नाहीत. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करून, इंजिन चालू ठेवून, बॉडी हाताने अगदी किंचित फिरवत ते कानाने टायमिंग लावतात, मग गाडी बोगद्यापर्यंतच्या चढावर नेऊन आणतात आणि लागलेच तर आणखी एक केसभर फिरवतात. त्यांनी लावल्यावर घाटात आवाज येत नसे. पण घरी आणून मी दिवा लावला की खूण टॉपच्या आधी नव्हे, तर टॉपच्या नंतर १ अंशावर दिसे. टॉपनंतर ठिणगी पडणारे इंजिन इतके बरे ओढेल हे मला पटत नसे, म्हणून मी पुन्हा ६ अंश करी. “दादा, दिव्यातलं मला काही सांगू नका,” काका म्हणाले, “हिला एवढं पुढचं टायमिंग सोसत नाही. घाटात स्वतः ऐकून बघा.” दोन वर्षे आम्ही दोघे एकाच डिस्ट्रिब्युटरला उलटसुलट दिशांनी फिरवत होतो.

या दोन वर्षांत मी इतर सगळी कारणे तपासली. सिलिंडर हेड उतरवून कार्बन काढला, प्लग एक दर्जा थंड लावले, रेडिएटर साफ करून घेतला, कार्बोरेटरचे मिश्रण फार पातळ तर नाही ना ते पाहिले. प्रत्येक वेळी थोडा फरक वाटला आणि काही दिवसांत आवाज परत आला. टायमिंगचा विचार मी केला नाही, कारण टायमिंग ‘मोजलेले’ होते.

ते मी दोन रीतींनी मोजले होते, आणि माझा विश्वास दृढ होण्याचे कारण तेच होते. पहिली रीत दिव्याची. दुसरी रीत इंजिन बंद ठेवून करायची. पॉइंटची वायर जिथे जोडलेली असते तिथून एका बारा व्होल्टच्या बल्बची वायर घ्यायची, बल्बचे दुसरे टोक इंजिनच्या लोखंडाला लावायचे, इग्निशन चालू करायचे आणि क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन फिरण्याच्या दिशेनेच हळूहळू फिरवायचे. पॉइंट ज्या क्षणी उघडतात त्या क्षणी बल्ब लागतो, कारण तोवर पॉइंटमधून सरळ इंजिनच्या लोखंडात जाणारा प्रवाह आता बल्बमधून जाऊ लागतो. तिथेच थांबून पुलीवरची खूण पाहायची. खूण ओलांडून पुढे गेलात तर तेवढेच मागे आणून चालत नाही. चांगले पाव फेरे मागे जाऊन पुन्हा पुढच्या दिशेने यावे लागते, नाहीतर टायमिंग चेन आणि डिस्ट्रिब्युटरचे गिअर यांच्यातली ढिलाई मोजमापात शिरते. या रीतीने मला ५ अंश मिळत आणि चालू इंजिनावर दिव्याने ६. आयडलिंगला डिस्ट्रिब्युटरमधली, वेग वाढला की फाकून ठिणगी पुढे नेणारी वजने किंचित उघडत असतील तर एवढा फरक पडतो. म्हणजे दोन्ही रीती जुळत होत्या.

पण दोन्ही रीती पुलीवरच्या एकाच खाचेवर उभ्या होत्या, हे माझ्या लक्षात आले नव्हते. खाच चुकीच्या जागी असेल तर दोन्ही आकडे सारखेच चुकतील आणि एकमेकांशी जुळतीलही. काकांच्या कानाचा आकडा टॉपनंतर १ आणि माझा आकडा टॉपच्या आधी ६, यांत ७ अंशांचे अंतर होते आणि ते दर वेळी तेवढेच येत होते. चूक कानाची असती तर ती कधी ४ आणि कधी ९ झाली असती. हे मला दोन वर्षांनी, वहीत मागच्या नोंदी एकाखाली एक लिहिताना दिसले.

ठिणगी टॉपच्या आधी का द्यावी लागते हे इथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मिश्रण जळायला वेळ लागतो आणि जळण्याचा सर्वांत जास्त दाब पिस्टन टॉपवरून थोडा खाली, साधारण १५ अंशांच्या आसपास आल्यावर मिळाला तर इंजिन सर्वांत चांगले ओढते. आरपीएम वाढले की तेवढ्याच वेळात क्रँक जास्त अंश फिरतो, म्हणून ठिणगी आणखी आधी द्यावी लागते. डिस्ट्रिब्युटरमधली वजने आणि स्प्रिंगा हे काम करतात. ८०० आरपीएमला क्रँक एका सेकंदात ४८०० अंश फिरतो, म्हणजे एका अंशाला एक मिलिसेकंदाचा जेमतेम पाचवा भाग मिळतो. सुरुवातीचा आकडा ७ अंशांनी पुढे गेला तर तो वजनांच्या ॲडव्हान्ससकट सगळीकडे ७ अंशांनी पुढेच राहतो, आणि त्याची किंमत भरलेल्या गाडीने घाट चढताना चुकवावी लागते.

मग खरा टॉप शोधायचा कसा, हा प्रश्न आला. पुष्कळ ठिकाणी प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर किंवा सायकलची तार घालून ती सर्वांत वर आली की टॉप धरतात. ही रीत टायमिंगच्या कामाला उपयोगी नाही, आणि का नाही ते आकड्यांत पाहावे. या इंजिनाचा स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर आहे. क्रँक टॉपपासून ५ अंश फिरला तरी पिस्टन खाली येतो सुमारे ०.२ मिलिमीटर, आणि ७ अंश फिरला तरी ०.४ च्या आसपास. टॉपच्या अवतीभवती पिस्टन जवळजवळ थांबलेलाच असतो. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यावर बोट ठेवून ०.४ मिलिमीटर ओळखणे कोणाच्याही हाताला शक्य नाही, आणि माझी चूक नेमकी तेवढी होती.

उपाय असा, की पिस्टन जिथे वेगाने हलतो तिथे त्याला अडवायचे आणि दोन्ही बाजूंच्या अडलेल्या जागांच्या मध्ये टॉप धरायचा. मी एका जुन्या १४ मिलिमीटर प्लगमधला चिनी मातीचा भाग फोडून काढला आणि त्याच्या लोखंडी कवचात एक बोल्ट पक्का बसवून वरून नटाने आवळला. बोल्टचे टोक कानशीने गोल आणि गुळगुळीत केले, कारण ते पिस्टनच्या माथ्याला टेकणार होते. चारही प्लग काढले, बॅटरीची वायर सोडली, आणि पहिल्या सिलिंडरच्या भोकात हा अडसर बसवला. मग क्रँकच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून, दोन बोटांच्या जोराने, इंजिन पुढच्या दिशेने फिरवले. पिस्टन बोल्टला टेकला तो हाताला मऊ ठोका लागल्यासारखा कळला. पुलीवर, पॉइंटरच्या अगदी समोर, टोकदार पेन्सिलीने एक रेष मारली. अडसर काढला, क्रँक टॉपच्या पलीकडे पुरेसा पुढे नेला, अडसर पुन्हा पूर्ण आवळून बसवला आणि आता उलट दिशेने आणत पिस्टन पुन्हा टेकवला. तिथे दुसरी रेष. अडसर तसाच ठेवून पूर्ण फेरा उलटा फिरवायचीही पद्धत आहे, पण त्या फेऱ्यात उघडणारा व्हॉल्व्ह बोल्टला लागू शकतो, म्हणून मी ती टाळली. स्टार्टरने हे काम कधीही करू नये. अडसर असताना स्टार्टर फिरला तर पिस्टनला भोक पडेल.

टॉप ही या दोन रेषांच्या नेमकी मधली जागा. ती काढण्यासाठी पुलीच्या कडेभोवती ट्रेसिंग पेपरची पट्टी घट्ट गुंडाळून, जोड येतो तिथे कापून, टेबलावर सपाट करून मोजली. परीघ ३९६ मिलिमीटर भरला, म्हणजे १ अंशाला १.१ मिलिमीटर. दोन रेषांमधले अंतर त्याच पट्टीवर ५७ मिलिमीटर आले. म्हणजे पिस्टन दोन्ही बाजूंनी टॉपपासून सुमारे २६ अंशांवर अडत होता आणि मध्य २८.५ मिलिमीटरवर होता. सगळे पुसून मी हे तीनदा केले. तिन्ही मध्य अर्ध्या मिलिमीटरच्या आत पडले, म्हणजे अर्ध्या अंशाच्या आत. तेव्हा कुठे मी खडूने पांढरी केलेली आमची नेहमीची खाच पाहिली. ती मध्यापासून ७.७ मिलिमीटर दूर होती. ७ अंश.

त्या खाचेकडे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिले. केरोसीन आणि तारेचा ब्रश घेऊन पुलीची कड स्वच्छ केली, तेव्हा खाचेच्या एका बाजूला धातूची बारीक उभारलेली कड बोटाला लागली आणि खाचेच्या आत कानशीचे आडवे ओरखडे दिसले. ती कारखान्यातली नव्हतीच. कारखान्यातली खाच मी काढलेल्या मध्यापासून अर्ध्या मिलिमीटरवर, वाळलेल्या ग्रीस आणि गंजाच्या खाली होती. दाभणाने खरवडली तेव्हा तिचा व्ही आकार स्वच्छ उघडला.

दुसरी खाच कोणी आणि का घातली असावी, याचा उलगडा काकांनी एका वाक्यात केला. पूर्वी कोणीतरी, बहुधा इंजिन ओव्हरहॉल करताना, बल्ब लावून टायमिंग बसवायला सोपे जावे म्हणून पॉइंट ज्या जागी उघडायला हवेत तिथेच खूण करून घेतली असणार. बल्ब लागला आणि ती खाच टॉपच्या पॉइंटरसमोर आली, की टायमिंग बरोबर. त्या माणसाच्या दृष्टीने खाच बरोबरच होती. ती ठिणगीची खूण होती आणि मी तिला टॉपची खूण समजून तिच्यापासून आणखी ६ अंश मोजत होतो. क्रँक खऱ्या टॉपच्या ७ अंश आधी असताना ती खाच शून्याच्या पॉइंटरसमोर येते. त्यामुळे दिव्यात ६ दिसत होते तेव्हा ठिणगी खरी १३ अंशांवर पडत होती, आणि काका कानाने लावत होते ते टॉपनंतर १ नव्हते, टॉपच्या आधी ६ होते. वडिलांच्या वहीतलेच ६.

हा उलगडा झाला त्या संध्याकाळी मी काकांकडे गेलो आणि त्यांना आकडे दाखवले. त्यांनी वही हातात घेतली, वडिलांचे अक्षर ओळखले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

ज्या इंजिनांच्या पुलीत आतला भाग आणि बाहेरचे कडे यांच्यामध्ये रबर असते, तिथे ही तपासणी अधिकच गरजेची आहे. रबर जुने झाले की बाहेरचे कडे हळूहळू सरकते आणि त्याच्यावरची खूणही त्याच्याबरोबर सरकते. कोणी कानस लावलेली नसते, काही तुटलेले नसते, आणि शून्य मात्र हलत असते. पॉइंटर वाकलेला असणे किंवा टायमिंग कव्हर दुसऱ्या इंजिनाचे बसवलेले असणे हेही जुन्या गाड्यांत नवल नाही.

शून्य पक्के झाल्यावर मग दिव्याची पाळी येते, आणि त्यातही चुकायला जागा आहेत. दिवा लावण्याच्या आधी पॉइंट पाहावेत. पॉइंटमधले अंतर वाढले की ते लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जाते. म्हणून आधी टायमिंग आणि मग पॉइंट असा क्रम लावला तर पहिले काम वाया जाते. माझ्या गाडीतल्या लुकासच्या डिस्ट्रिब्युटरला हे अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवे. वापरलेल्या पॉइंटच्या एका बाजूला टेंगूळ आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झालेला असतो, आणि फीलर गेजची सपाट पट्टी टेंगळावर टेकून खोटे अंतर दाखवते. अशा पॉइंटला ड्वेल मीटर लावावा. पॉइंट किती अंश बंद राहतात हे तो विजेवरून मोजतो, त्याला टेंगळाशी देणेघेणे नसते. माझ्याकडे ६० अंश, दोन-तीन इकडे तिकडे, हा आकडा चालतो.

इंजिन पूर्ण गरम हवे आणि चोक पूर्ण बंद. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्युम डबीची, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या ओढीने टायमिंग बदलणाऱ्या डबीची, नळी काढायची आणि कार्बोरेटरच्या बाजूचे तोंड बंद करायचे. मी बॉलपेनचे टोपण वापरतो. नळी नुसती लोंबती ठेवली तर तिथून हवा ओढली जाते आणि आयडलिंग बदलते. आयडलिंग किती असावे याबद्दल आकड्यापेक्षा एक परीक्षा मला अधिक भरवशाची वाटते. दिवा पुलीवर धरून आयडलिंगचा स्क्रू हळूहळू कमी करत न्यायचा. आरपीएम कमी होतील तशी खूण मागे सरकत जाईल आणि एका जागी येऊन सरकायची थांबेल. तिथे वजने पूर्ण मिटलेली असतात. त्या खालचे वाचन हेच सुरुवातीचे खरे टायमिंग. आरपीएम कमी करत नेले तरी खूण सरकतच राहिली, तर स्प्रिंग ढिली आहे किंवा वजन अडकत आहे, आणि मग टायमिंगचा कोणताही एक आकडा खरा नाही.

दिव्याचा चिमटा पहिल्या प्लगच्या वायरवर लावायचा असतो. त्याच्यावर बाण असेल तर तो प्लगकडे हवा. चिमट्याच्या आतले दोन काळे तुकडे स्वच्छ आणि पूर्ण मिटलेले असावेत, त्यांच्यात ग्रीसचा पातळ थर जरी राहिला तरी दिवा मधूनमधून चुकतो. इतर वायरी त्याच्यापासून हातभर नाही तरी वीतभर दूर कराव्यात. पहिल्या आणि तिसऱ्याच्या वायरी एकमेकींना चिकटून असतील, तर दिवा तिसऱ्याच्या ठिणगीनेही लागतो आणि पुलीच्या विरुद्ध बाजूला भलतेच काही दिसते.

चारस्ट्रोक इंजिनात पहिल्या सिलिंडरची ठिणगी क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पडते, म्हणून ८०० आरपीएमला दिवा सेकंदाला जेमतेम सात वेळा लागतो. भर दुपारी अंगणात त्या प्रकाशात काही दिसत नाही. मी दिवे लागायच्या वेळेला, गाडी गॅरेजच्या दारात तोंड बाहेर करून लावतो, म्हणजे धूर आत साचत नाही आणि पुलीवर अंधार राहतो. खरी खाच आता पांढऱ्या रंगाने बारीक भरली आहे. रेष रुंद असेल तर तिची कोणती कड पाहायची याचा संभ्रम होतो, आणि १.१ मिलिमीटरला एक अंश असताना दोन मिलिमीटर रुंद खडूची रेष काय कामाची? डोळाही पॉइंटर आणि पुलीचा मध्य यांच्या सरळ रेषेत हवा. पॉइंटर आणि पुलीची कड यांच्यात थोडे अंतर असते, त्यामुळे वरून वाकून पाहिले आणि बाजूने पाहिले तर वाचनात दोन अंशांपर्यंत फरक मी स्वतः पाहिला आहे. मी दर वेळी डावा हात रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर एकाच जागी टेकवतो, म्हणजे डोके त्याच जागी येते.

आणि पंखा. दिव्याच्या लखलखाटात फिरणारा पंखा थांबल्यासारखा किंवा अगदी सावकाश फिरत असल्यासारखा दिसतो. त्याची पाती स्वच्छ मोजता येतात. तो पूर्ण वेगाने फिरत असतो. दिव्याच्या वायरी, गळ्यातला रुमाल, सैल बाही, ओढणी यांतले काहीही तिथे जाऊ देऊ नये. माझी मुलगी आत बसून ॲक्सिलरेटर सांभाळते आणि मी “बस” म्हटल्याशिवाय पाय हलवायचा नाही हे आमचे ठरलेले आहे. “बाबा, हात मागे घेतला का?” असे तीही विचारून घेते.

सुरुवातीचे टायमिंग बरोबर आले म्हणजे वजनांचे काम बरोबर आहे असे नाही, म्हणून मी पुलीवर १०, २० आणि ३० अंशांच्या खुणा रंगवून घेतल्या, खऱ्या खाचेपासून ११, २२ आणि ३३ मिलिमीटरवर. या खुणा खाचेच्या कोणत्या बाजूला हव्यात यात पुष्कळजण फसतात. टॉपच्या आधीचे वाचन हवे असेल तर त्या खुणा पुली ज्या दिशेने फिरते त्या दिशेने खाचेच्या पुढे हव्यात, कारण टॉपच्या १० अंश आधी खाच अजून पॉइंटरपर्यंत पोहोचलेली नसते. आरपीएम वाढवत नेताना खूण अडखळत न जाता सरळ सरकत गेली पाहिजे आणि एका आकड्यावर थांबली पाहिजे. वरच्या आरपीएमचे वाचन घेताना दिव्याचाही हिशेब लागतो. दिव्याच्या आतल्या सर्किटला ०.१ मिलिसेकंदाचा उशीर होत असेल, तर आयडलिंगला तो अर्ध्या अंशाएवढाही नाही, पण ३००० आरपीएमला १.८ अंश होतो, आणि टायमिंग आहे त्यापेक्षा मागे दिसते. बटण फिरवून अंश दाखवणाऱ्या डिजिटल दिव्यांबाबत मी अधिक सावध असतो. तो दिवा आपला आकडा दोन ठिणग्यांमधल्या वेळेवरून काढतो. ज्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते किंवा एका वेळी अनेक ठिणग्या पडतात, तिथे तो आकडा भलताच येतो. अशा वेळी बटण शून्यावर ठेवून पुलीवरच्या रंगवलेल्या खुणा वाचाव्यात.

आता शेवटचे काम उरले होते, १३ वरून ६ वर येण्याचे. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा डिस्ट्रिब्युटरचा एक होतो. म्हणून क्रँकच्या ७ अंशांसाठी डिस्ट्रिब्युटरची बॉडी साडेतीन अंशच फिरवायची. बॉडीच्या कडेला ते जेमतेम दोन मिलिमीटर भरते. या इंजिनात डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटर वरून पाहताना घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे ठिणगी मागे घ्यायला बॉडीही त्याच दिशेने फिरवली. क्लॅम्प आवळताना बॉडी अर्धा अंश तरी सरकतेच, म्हणून आवळल्यावर दिवा पुन्हा लावला. ६ अंश. दुसऱ्या दिवशी पहाटे चौघे बसून, डिकीत कासच्या सहलीचे सामान भरून, घाट चढलो. तिसऱ्या गिअरमध्ये, त्याच वळणावर, पाय दाबून ठेवला. फक्त टायरांचा आणि वाऱ्याचा आवाज होता.

वडिलांनी ६ हा आकडा लिहिला तेव्हा मिळणारे पेट्रोल वेगळे होते. शिसे घातलेले पेट्रोल देशभर २००० साली बंद झाले आणि आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले येते, त्यातले काही आमच्याच कृष्णाकाठच्या उसाचे असेल. इथेनॉलची नॉकिंग सोसण्याची ताकद जास्त असते, म्हणून ६ ऐवजी ८ अंशही या इंजिनाला सोसतील असे मला वाटते. तो प्रयोग मी करणार आहे, एकेक अंशाने, प्रत्येक वेळी त्याच घाटात. आता एक अंश म्हटले की एक अंशच असतो, म्हणून तो प्रयोग करण्यात अर्थ आहे.

त्याआधी एक काम मात्र राहिले आहे. आयडलिंगला खूण एका जागी ठाम उभी राहत नाही, दोन अंशांच्या पट्ट्यात थरथरते. रोटर काढून शाफ्टला बोटाने बाजूला ढकलले की तो हलतो आणि त्याच्याबरोबर पॉइंटमधले अंतरही बदलते, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश झिजले आहे. एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे पितळी बुश करायला दिले आहे. पुढच्या आठवड्यात ते मिळेल, मग पॉइंटपासून सगळे पुन्हा.